पेटीतला चंदनी साबण

आमच्या घरात तेल चार वेळा तापायचं आणि साबण कधी संपायचा नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रार म्हणूनही नाही. नाशिक रोडला प्रेसच्या कामगारांच्या कॉलनीत, दोन खोल्यांच्या घरात आम्ही तिघं राहायचो: आई, नाना आणि मी. नाना म्हणजे माझे वडील. ते प्रेसमध्ये कागद कापायच्या मशिनवर होते. सकाळी भोंगा व्हायच्या आत नाना सायकलवर टांग टाकून निघायचे आणि उभ्या आयुष्यात भोंग्यानंतर गेटवर पोचले नाहीत, याचा त्यांना फार अभिमान होता. ते गेले की दिवसभर घर आईच्या ताब्यात. आईला एखादी वस्तू संपलेली आवडायची नाही आणि फेकलेली तर मुळीच खपायची नाही. हे कशाला ठेवलंस, ते कशाला जपलंस, असं कुणी विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं, "वाया गेलं असतं." त्यावर कुणाला काही बोलता येत नसे, कारण ते खरंच वाया गेलं असतं.

तळणीला आई एक क्रम लावायची. आधी कुरडया आणि पापड, कारण त्यांनी तेल मळत नाही. मग पुऱ्या. शेवटी भजी, कारण बेसनाचा चुरा तळाशी बसतो आणि तेल काळं पडतं. भजी आधी आणि कुरडया नंतर, असं कुणी केलं असतं तर आईनं त्या बाईशी बोलणं टाकलं असतं. तळण झालं की कढई खाली उतरायची आणि तेल कोमट होईपर्यंत कुणी तिच्या जवळपास फिरायचं नाही. मग नानांच्या जुन्या धोतराचा तुकडा एका पितळी किटलीच्या तोंडावर धरायचा आणि तेल त्यातून गाळायचं. धरायचं काम माझं, ओतायचं आईचं. ते तेल मग आठवडाभर उसळीच्या, आमटीच्या फोडणीला लागायचं. किटलीच्या तळाशी जे दाट उरायचं ते तव्याला पुसायला, दाराच्या बिजागऱ्यांना, विळ्याच्या पात्याला. फडक्यावर राहिलेला भज्यांचा चुरा थालीपिठात मळला जायचा आणि ते थालीपीठ नानांना इतकं आवडायचं, की भजी त्यासाठीच करतात असा मला पुष्कळ दिवस समज होता. फक्त देवाच्या समईला ताजं तेल. आईच्या काटकसरीनं देवाला तेवढं सोडलं होतं.

आता माझी सून तळलेलं तेल बाटलीत भरते आणि बाटली कचऱ्यात देते. पुन्हा तापवलेलं तेल प्रकृतीला वाईट, असं डॉक्टर सांगतात, पेपरातही येतं. खरंच असेल. मी तिला काही म्हणत नाही. पण ती बाटली कचऱ्याच्या डब्यात पडते तेव्हा मी दुसरीकडे बघते, एवढं मात्र होतं.

साबणाचं प्रकरण याहून वरचढ. अंगाचा साबण लाल, स्वस्त, उग्र वासाचा. दुकानातून आणला की आई तो कागदातून काढून खिडकीत पंधरा दिवस वाळवायची, कारण वाळलेला साबण कमी झिजतो. वापरून वापरून त्याची कपची झाली, ती हातात मोडायला आली, की नवी वडी काढायची. दोन्ही पाण्यात भिजवायच्या, नव्या वडीच्या पाठीवर कपची बसवायची आणि मधोमध अंगठा रोवून दाबायची. मग ती जोडी दिवसभर तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी कपची वडीला धरलेली असायची आणि तिच्यावर आईच्या अंगठ्याचा खळगा राहायचा. आईचा अंगठा भाकरी थापून थापून रुंद झाला होता. मी एकदोनदा जोड लावून पाहिला, पण माझी कपची दुसऱ्या आंघोळीलाच सुटून मोरीत गेली. आई म्हणाली, "जोर नाय तुझ्या बोटात. शिकशील." असा एका साबणाचा तुकडा दुसऱ्यावर, दुसऱ्याचा तिसऱ्यावर. म्हणून म्हटलं, आमच्या घरात साबण संपायचा नाही.

याला अपवाद एकच साबण होता, आणि तो तर सुरूच झाला नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नानांनी आईसाठी चंदनाचा साबण आणला होता, अभ्यंगस्नानासाठी. आईनं तो हुंगला, पुन्हा हुंगला आणि पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या घडीत ठेवून दिला. एवढा चांगला साबण काय अंगाला लावून संपवायचा? त्यानंतर दर दिवाळीला नाना चेष्टा करायचे, "यंदा निघणार का गं चंदन?" आई म्हणायची, "साड्यांना वास लागतोय ना, मग झालं." त्या पेटीचं झाकण उघडलं की खोलीभर मंद वास यायचा. मी सतरा वर्षांची झाले तेव्हा तो साबण माझ्याहून वर्षभरानं मोठा होता.

आई गेली ती एका साध्या दिवशी. मी बारावीला होते, घरीच अभ्यास करत बसले होते. सकाळी तिनं साबणाला जोड लावला होता आणि तो साबणदाणीत ठेवला होता. दुपारी दोन भाकरी थापून झाल्या, तिसरी तव्यावर होती, तेव्हा ती म्हणाली, "सुमे, तवा बघ, मी जरा पडते." मी भाकरी उलटली, शेकली, गॅस बंद केला. मग तिला हाक मारली. समोरच्या देवरेकाकू धावत आल्या, कुणीतरी डॉक्टरांना आणलं, कुणीतरी प्रेसच्या गेटवर निरोप धाडला. मी त्या तीन भाकऱ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या. मला रडू आलं नाही. नाना आले, भिंतीला टेकून बसले आणि मोठ्यानं रडायला लागले, तेव्हाही मी त्यांच्या चपला दारातून उचलून कोपऱ्यात नीट लावल्या. बायका माझ्याकडे बघत होत्या, हे मला कळत होतं. आपल्याला काही तरी वाटायला हवं, हेही कळत होतं. आत मात्र काहीच हलत नव्हतं.

संध्याकाळच्या एसटीनं सटाण्याहून आत्या आली. ती नानांची मोठी बहीण. नाना तिला आक्का म्हणायचे. ती अर्धी अहिराणी, अर्धी आमच्यासारखी बोलायची. दिवसातून दहा वेळा तपकीर ओढायची आणि जिथं जाईल तिथली सूत्रं हातात घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला शेवटची आंघोळ घालायची होती. हिरवी साडी हवी म्हणून आत्यानं पेटी उघडली. साडीच्या घडीतून साबण तिच्या मांडीवर पडला. तिनं तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि तिचे डोळे भरले. "आयुष्य गयं नं बाई लाल साबूमा," ती म्हणाली. "आज तरी लाव वं माय हाऊ." तिनंच कागद फाडला. साबण अठरा वर्षांत वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, फेस धड येत नव्हता. पण आईच्या अंगाला तो लागला. एकदाच.

आईला नेल्यावर आत्यानं मला उशी, गोधडी आणि तो साबण असं सगळं एका जुन्या चादरीत बांधून दिलं. हे कॉलनीच्या मागं टाकून ये, मागं वळून पाहू नकोस, म्हणाली. मी गेले. उशी टाकली, गोधडी टाकली. साबण हातात राहिला. सगळाच्या सगळा साबण होता. कोपरे तेवढे गोल झाले होते. मी तो फ्रॉकच्या, नाही, परकराच्या ओच्यात घेतला आणि घरी येऊन पाण्यानं धुऊन मोरीच्या वरच्या खिडकीत वाळत ठेवला. पुढं आमच्या नात्यात ही गोष्ट फार रंगवून सांगितली गेली. पोरीला आईची आठवण टाकवली नाही, वगैरे. मला ते ऐकताना शरम वाटायची. प्रेम, आठवण, असलं माझ्या मनात काहीही नव्हतं. साबण फेकायचा असतो हे मला कुणी कधी शिकवलंच नव्हतं.

सुतकात आमच्याकडे दहा दिवस घरात फोडणी द्यायची नाही, केसांना तेल लावायचं नाही, अंगाला साबण लावायचा नाही. आईचं राज्य होतं नेमकं त्याच दोन गोष्टींवर, आणि त्या दोन्ही बंद. देवरेकाकू पिठलं-भाकरी आणून द्यायच्या. किटलीतलं तेल जागच्या जागी खवट होत चाललं होतं आणि त्याचा वास मला यायचा, पण उठून काही करावंसं वाटायचं नाही. सकाळी भोंगा व्हायचा आणि नाना घरीच असायचे. स्टेशनातून गाडी सुटल्याचा आवाज यायचा. लोक येऊन बसायचे, जायचे. मी चहा करायची, कप विसळायची, पालथे घालायची.

तिसऱ्या दिवशीच आत्यानं माझं काय करायचं ते काढलं. तेरावं झालं की तिला सटाण्याला नेते, म्हणाली. तिथं कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरी एक मुलगा आहे, वैशाखात उरकून टाकू. "भास्कर, तू दिवसभर कामवर. मायबिगर पोर एकली घरमा. आणि ती कशी बशेल ऱ्हास, पाहतोस ना? रडत बी नही." नाना म्हणाले, "बघू तेराव्याला." म्हणजे माझं काय व्हायचं ते तेराव्याला ठरणार होतं. मी दारातच उभी होते. मला बारावी पुरी करायची होती, पुढं शिकायचं होतं, मास्तरीण व्हायचं होतं. हे सगळं मला त्या दिवशीही माहीत होतं, पण दुसऱ्या कुणाची गोष्ट माहीत असावी तसं. त्या वेळी मी फक्त विचारलं, "आत्या, चहात साखर किती?"

दहाव्याला पुरुष मंडळी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेली. बायकांनी घरी डोक्यावरून आंघोळी करायच्या होत्या, आणि पुरुष परत आले की त्यांनी. पंधरा-सोळा माणसं तर नक्की. मोरीतल्या साबणदाणीत आईनं जोडलेला लाल साबण होता, दहा दिवस कोरडा. मी तो उचलून फडक्यात गुंडाळला आणि आईच्या पेटीत तळाशी ठेवला. त्याच्या जागी खिडकीतला चंदनाचा ठेवला. हे करताना मी काही विचार केला होता, असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. सगळ्यात आधी आत्यानं आंघोळ केली. तपकिरीनं तिचं नाक कधीच मेलं होतं. मग मामी, काकू, पोरीबाळी. सगळ्या न्हाल्या, केस पुसत उन्हात बसल्या.

दुपारी नाना आले. डोकं तासलेलं, चेहरा निम्मा झालेला. मोरीत गेले, पाण्याचे दोन तांबे ओतल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज येईना. थोड्या वेळानं दार उघडलं. अंगाला पंचा गुंडाळून, तसेच ओले, नाना दारात उभे होते आणि त्यांच्या हातात साबण होता.

"सुमे, हा कुठनं आला?"

आत्यानं मान वर केली. तिनं साबण पाहिला, आणि तिच्या तोंडाचा रंगच उडाला. "माय वं!" ती ओरडली. "हाऊ तर तिना आंगले लाएल साबू! मी तुले टाकाले सांगं होतं ना? सांगं होतं का नही?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

मग जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. उन्हात बसलेल्या बायका उठल्या, कुणी नळाकडे धावली, कुणी गोमूत्र मागायला देवरेकाकूंकडे. आत्या दोन्ही हातांनी स्वतःचे दंड चोळत होती, घरभर हिंडत होती. शेवटी नानांपुढं उभी राहिली. "दखं ना आता? पोरनं डोकं ठिकानवर नही शे. मढ्याना साबू अख्ख्या घरले लावा इनी! तेराव्यानी काय वाट दखतस, मी इले उद्याच लई जासू. कपडा भर वं सुमे." आणि खरंच तिनं खुंटीवरची माझी पिशवी काढून माझ्या अंगावर टाकली. मी पिशवी उघडली. भर म्हटलं तर मी भरली असती. तेव्हाची मी अशीच होते.

नाना जागचे हलले नव्हते. त्यांच्या अंगावरून पाणी ओघळून उंबऱ्यात डबकं झालं होतं. त्यांनी मला हळूच विचारलं, "का ठेवलास गं?"

मला दुसरं उत्तर माहीत नव्हतं. मी म्हणाले, "वाया गेला असता."

नाना एकदम उंबऱ्यावरच बसले. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही. खांदे हलत होते. तसेच बसून ते म्हणाले, "ऐकलंस का आक्का? ऐकलंस का, ही काय बोलली ते?" आत्यानं आईच्या तोंडून ते वाक्य शंभरदा ऐकलं होतं. नाना उठले, माझ्या हातातली पिशवी घेऊन पुन्हा खुंटीला लावली. "ही कुठं जात नाही," ते म्हणाले. "बारावी करील, पुढं शिकल. माझं घर आहे ते आहे तसं चालू राहील." "कोन चालाडी?" आत्यानं विचारलं. नानांनी नुसतं माझ्याकडं बोट केलं आणि साबण घेऊन पुन्हा मोरीत गेले. या वेळी पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

आत्या त्या दिवशी तीनदा न्हाली आणि तेराव्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. तेराव्याला तिनंच वडे तळले. जेवणं झाली, पाहुणे पांगले, कढईत शेरभर तेल उरलं. मी ते तसंच सोडून ओट्याशी उभी होते. आत्यानं किटली शोधली, खवट तेल ओतून टाकलं, किटली राखेनं घासली आणि धोतराचं फडकं काढलं. "धर," ती म्हणाली. मी धरलं, तिनं ओतलं. एक थेंब खाली सांडला तो तिनं बोटानं टिपून केसांना लावला. एसटीला निघताना पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "ते तेल टाकजो नको हां." मी मान हलवली. तिचा राग आला नाही आणि गहिवरूनही आलं नाही.

पुढचे महिने कसे गेले, ते विचाराल तर मला फोडण्या आठवतात. मी तिन्ही वेळचं करायची, कॉलेजला जायची, अभ्यास करायची. लोक म्हणायचे, पोर किती खंबीर आहे. खंबीर वगैरे काही नव्हते. दाढेला भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तशी मी सगळीच होते. चंदनाचा साबण नाना एकटे वापरत होते. आईनं अठरा वर्षं जपलेला साबण त्यांनी दोन महिन्यांत संपवला. ते भोंग्याला निघायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला पेटीचा वास यायचा. कपची उरली तेव्हा ती जोडायची का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. दोन दिवसांनी साबणदाणी रिकामी होती.

मग मी पेटी उघडली. चंदनाचा वास उडून गेला होता आणि आईच्या साड्यांना लाल साबणाचा उग्र दर्प धरला होता. फडकं सोडलं. साबण तसाच होता, पाठीवर कपची, कपचीवर अंगठ्याचा खळगा. त्यात माझा अंगठा सैल बसत होता. दहाव्याला पंधरा-सोळा माणसांच्या अंगाला लागून हा खळगा त्या एका दिवसात पुसला गेला असता. तो पुसला जाऊ नये म्हणून मी सगळ्यांच्या पुढं चंदन टाकलं होतं. हे मला तेव्हा, पेटीपुढं बसून, पहिल्यांदा कळलं. पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवणं सोपं होतं. पण जपून ठेवलेल्या साबणाचं काय झालं ते मी नुकतंच पाहिलं होतं. मी तो नेऊन साबणदाणीत ठेवला.

रोज सकाळी नाना आधी, मग मी. मी अंगाला लावायच्या आधी खळग्यात अंगठा ठेवून बघायची. पहिल्या आठवड्यात कडा गोल झाल्या. मग तो उथळ झाला, बशीसारखा. नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आणि एका सकाळी नळाखाली बादली लावून मी साबण उचलला, अंगठा ठेवला, तर तो कुठं अडलाच नाही. सरळ घसरला. साबण गुळगुळीत होता. मी उलटून पाहिलं, पुन्हा पालथा करून पाहिलं.

त्या दिवशी नानांना उशीर झाला होता. आंघोळ आटोपून ते बाहेर सदरा चढवत होते, त्यांचं घड्याळ आत मोरीच्या खुंटीवर राहिलं होतं. बादली भरली, काठोकाठ आली आणि पाणी वाहायला लागलं. आमच्या घरात बादली वाहण्याचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. मला नळ दिसत होता, हात लांब केला असता तर पोचलाही असता. माझ्या तोंडून जे निघत होतं ते दाबायला मी तो साबणाचा हात तोंडावर धरला होता आणि जिभेला साबणाची कडू चव लागत होती.

नानांनी दारावर थाप मारली. "सुमे, अगं पाणी वाया जातंय."

"जाऊ द्या," मी म्हणाले.

पुढं कितीतरी वेळ नळ तसाच चालू होता. बाहेर नानांच्या सायकलची घंटी वाजली नाही. मग भोंगा झाला. तो थांबला तरी नानांची सावली दाराच्या फटीत तशीच होती, आणि त्यांनी दुसऱ्यांदा थाप मारली नाही.